आहेरातलं पुस्तक

उभी हयात मी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवली. जळगावच्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, केळीवरच्या रोगांची माहितीपत्रकं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या, जे समोर येईल ते. या कामानं स्वभावाला एक वळण लागतं. समोरचा काय म्हणतोय यापेक्षा तो कसं म्हणतोय इकडंच लक्ष जातं. बायको म्हणायची, तुमच्याशी धड भांडताही येत नाही, भांडणातलंही वाक्य सुधारून देता. ती वैतागून म्हणायची आणि मला ते कौतुक वाटायचं.

निवृत्त झाल्यावर धुळ्याला, देवपुरात, मुलाच्या शेजारी राहायला आलो. पण जळगाव सुटलं नाही. तिथल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मी दर रविवारी मोठ्या माणसांचा लेखनवर्ग घ्यायला लागलो. सकाळची एसटी धरायची, पारोळा-एरंडोल करत अकरापर्यंत पोचायचं, दोन वाजेपर्यंत वर्ग, संध्याकाळी परत. येणारी माणसं साधी होती. निवृत्त तलाठी, दोन शिक्षिका, एक नर्सबाई, धान्याचं दुकान असलेले एक मारवाडी शेटजी. कोणाला आठवणी लिहायच्या होत्या, कोणाला कविता, कोणाला नुसतंच रविवारी घराबाहेर पडायचं होतं. मी फी घेत नसे. त्याऐवजी वाटेल ते बोलायचा हक्क मी परस्पर घेऊन टाकला होता.

माझं सांगणं एकच असायचं. आभाळ, चांदण्या, काळजाचे तुकडे आणि नियतीचे घाव हे सगळं चपलांबरोबर जिन्यात काढून वर या. वर येताना एक खरी वस्तू घेऊन या. तुमच्याखेरीज कोणालाच माहीत नसेल अशी एक गोष्ट पानावर ठेवा, बाकी वाचणारा बघून घेईल. हे मी इतक्या वेळा सांगितलं की शेटजी मला पाहिल्यावर नमस्काराऐवजी "वस्तू आणली, सर" असंच म्हणायचे. मला माझ्या या शिकवणीचा फार अभिमान होता.

अक्का या वर्गात दुसऱ्या वर्षी आल्या. वयानं त्या माझ्यापेक्षा लहान, पण सगळा वर्ग त्यांना अक्का म्हणायचा, म्हणून मीही. माहेर धुळे तालुक्यातल्या एका खेड्यात, सासर जळगावात. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. अंगणवाडीत सेविका म्हणून नोकरी झाली होती, त्यामुळे अक्षर नोंदवहीसारखं स्वच्छ. आमच्याशी पुस्तकी मराठी बोलायच्या, मन हललं की मात्र अहिराणीवर यायच्या.

त्यांचा पहिला लेख धाकट्या बहिणीवर होता. बहीण सात वर्षांपूर्वी वारली होती. लेखात ती चांदणी झाली होती आणि अक्का रोज गच्चीवर उभ्या राहून तिला शोधत होत्या. त्यांनी वाचून संपवलं तेव्हा नर्सबाईंनी डोळे पुसले. मी म्हणालो, "अक्का, सगळ्यांच्याच मेलेल्या बहिणी चांदण्या होतात. यात तुमची बहीण कुठं आहे?"

आज हे वाक्य लिहिताना मला माझीच किळस येते. तेव्हा मात्र मला ते परखड वाटलं होतं. अक्कांनी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि पुढच्या रविवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आल्या त्या दोन पानं घेऊन.

त्या दोन पानांत चांदणी नव्हती. केळीच्या पट्ट्यातलं एक घर होतं; ते फैजपूरकडचं, हे मला नंतर कळलं. सकाळी बातमी आली, अक्का आणि त्यांचे भाऊ गाडी करून गेले, दुपारी पोचले. मग हे होतं: "बहिणीच्या सासरी सांगितलं की ती दहाच्या सुमारास मोटर सुरू करायला मळ्यात गेली आणि विहिरीत पाय घसरला. मी मान हलवली. त्या आठवड्यात त्या शिवाराला लाइट रात्रीची होती. दिवसा मोटर कशी सुरू होणार, हे मी कोणाला विचारलं नाही. घरात गॅसवर वरणाचं पातेलं तसंच होतं. मी ते उतरवून ठेवलं."

आमच्या भागात शेतीच्या पंपांना वीज एक आठवडा दिवसा मिळते आणि एक आठवडा रात्री. हे चक्र शेतकऱ्याच्या घरात दुधपित्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे खोलीतल्या प्रत्येकाला ते वाक्य एकदमच कळलं. कोणी डोळे पुसले नाहीत. खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला प्रचंड आनंद झाला. एवढ्या बडबडीतून एकदा तरी असं पान निघालं, असा तो आनंद होता. बाई मेली होती आणि मी खूश होतो.

त्याच वर्षी आम्ही वर्गाचं पुस्तक काढायचं ठरवलं. प्रत्येकाचा एक लेख. छापखान्याचं सगळं शेटजींनी अंगावर घेतलं. लेख निवडायच्या रविवारी अक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, मनं छापू नका. वाचं, तुम्ही आयकं, तेवढं बस शे."

माझं छापू नका, वाचलं, तुम्ही ऐकलं, तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं. मी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं. बहिणीला एक मुलगी होती. आई गेली तेव्हा चार वर्षांची, आता अकराची. बापानं दुसरं लग्न केलं होतं. मुलगी दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुटीत जळगावला मावशीकडं येऊन राहायची. वर्षातून तेवढाच काय तो सहवास. त्या मुलीसाठीच अक्कांच्या भावानं त्या वेळी पोलिसांत एक शब्द काढला नव्हता आणि अक्काही सात वर्षं मूग गिळून बसल्या होत्या. मेहुण्याशी वाकडं आलं तर मुलगी तुटणार, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं.

म्हणजे मलाही माहीत झालं होतं. मी अजाण होतो असं म्हणायची सोय नाही. शेटजींनी तर सगळ्यांसमोर विचारलं होतं, "सर, तिकडच्या पाहुण्यांच्या हाती लागलं तर?" व्यापारी माणूस, नात्यागोत्याचा अंदाज त्यांना बरोबर असायचा. मी त्यांना झटकलं. म्हणालो, शेटजी, इथं आपण लेखनाबद्दल बोलतो, सोयरिकीबद्दल नाही. आणि अक्कांना म्हणालो की लेखात नाव नाही, गाव नाही, नुसतं 'बहीण' आणि 'सासर' आहे. अशी घरं हजार असतील. शिवाय ती माणसं पुस्तकं वाचतात का?

त्यावर अक्का हसल्या. "त्या कसाले वाचतीन," म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत विचारलं, "इतकं चांगलं शे का ते?"

मी म्हणालो, पुस्तकात एवढं एकच पान आहे. त्या तयार झाल्या. आयुष्यात त्यांना कोणी असं सांगितलेलं नव्हतं, आणि मी त्याचा फायदा घेतला, असं आज मी म्हणतो.

पुस्तकाचं प्रकाशन वाचनालयाच्या खालच्या दालनात थाटात झालं. अक्कांचे भाऊ गावाहून मुद्दाम आले होते. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, पहिल्या रांगेत. बहिणीचं नाव पुकारलं तसे ते उभेच राहिले, मग लोक बघतायत म्हटल्यावर लाजून खाली बसले. त्यांना सगळे नाना म्हणायचे. शेवटी मी भाषण केलं. टाळ्या मिळतील असं एक वाक्य मी घरूनच तयार करून आणलं होतं. आपण लग्नाकार्यात पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतो, ती कपाटात पडते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला जाते. त्याऐवजी पुस्तक द्या, घराघरात अक्षर जाऊ द्या. टाळ्या मिळाल्या. कार्यक्रम संपल्यावर नाना माझ्याजवळ आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "सर, लाख बोलले." जाताना अक्कांच्या वाटणीच्या प्रतींचा गठ्ठा ते गावी घेऊन गेले. अक्कांच्या दोन खोल्यांत एवढी पुस्तकं ठेवायला जागा नव्हती.

वैशाखात नानांच्या मुलीचं लग्न होतं.

अक्का मला हे नंतर जसं सांगत गेल्या तसं सांगतो. लग्न गावातच, दारापुढं मांडव. जेवणं झाली आणि मानपान सुरू झाला. मुलीचा बाप या नात्यानं नानांनी एकेका सोयऱ्याला पाटावर बसवलं, टिळा लावला, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि टॉवेलावर पुस्तक ठेवलं. सर म्हणाले होते टोपीऐवजी. पण टोपी न देणं नानांना जमेना, म्हणून त्यांनी दोन्ही दिलं. प्रत्येकाला सांगत होते, मन्या बहिणीनं लिखेल शे. अक्का आत बायकांच्या ओट्या भरत होत्या. बाहेर आल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांना एक म्हातारा सोयरा दिसला, पुस्तकानं वारा घेत बसलेला. त्यांना छान वाटलं. मग त्यांना धाकटे मेहुणे दिसले. बहीण गेली तरी मुलीमुळं नातं चालू होतं, कार्याला बोलावणं होतं, मानही होता. नवी टोपी घालून ते मांडवाच्या खांबाशी उभे होते आणि टॉवेलाची घडी काखेत होती. घडीत पुस्तक होतं.

नानांनी लेख वाचलेला नव्हता. त्यांनी अनुक्रमणिकेत बहिणीचं नाव बोट ठेवून शोधलं होतं आणि तेवढ्यानंच त्यांचं पोट भरलं होतं. बहिणीनं काय लिहिलंय ते तपासावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. तिचं छापून आलंय, म्हणजे चांगलंच असणार. टोपी दिली तशी त्यांनी ती पानं दिली.

अक्कांनी कोणाला काही सांगितलं नाही. टोपी-टॉवेलाबरोबर पुस्तकही कपाटात जाईल, अशी आशा धरून बसल्या. मे महिना लागला. दरवर्षी शाळेचा निकाल लागला की मुलीचा फोन यायचा, मावशी, न्यायला ये. या वेळी आला नाही. अक्कांनी केला तर उचलला नाही. मुलीसाठी आणलेला फ्रॉक आणि कुरडयांचा डबा घेऊन त्या मेच्या उन्हात फैजपूरला गेल्या आणि त्या घराच्या पायरीवरून परत आल्या. मुलगी आजोळी गेलीय, असं मुलीच्या सावत्र आईनं सांगितलं. मुलीचं आजोळ म्हणजे अक्कांचंच माहेर. तिथं तर ती नव्हती.

मग नाना गेले. मेहुण्यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि आतून पुस्तक आणून उघडलं. त्या दोन पानांवर पेनानं रेघा मारल्या होत्या. 'लाइट रात्रीची होती' याखाली दोन. आमच्या पुस्तकाला इतका मन लावून वाचणारा दुसरा वाचक मिळाला नाही. ते म्हणाले, नाना, हे तुम्ही माझ्याच हातात दिलंत, भर मांडवात, टिळा लावून. आता चार माणसांसमोर तुमच्या बहिणीनं लिहून द्यायचं की हे बनावट आहे. आणि ज्यानं लिहायला शिकवलं त्या सरांनाही आणा. त्यानंतर मुलगी पाठवायची की नाही ते बघू.

अक्का वर्गाला येत नव्हत्या. मी समजत होतो लग्नघरामुळं असेल. एका दुपारी त्या देवपुरात माझ्या दारात उभ्या राहिल्या. घर विचारत विचारत पांझरेच्या पुलापासून चालत आल्या होत्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, या क्रमानं, आवाज न चढवता. माझ्यावर एक शब्दही ठेवला नाही. ठेवला असता तर बरं झालं असतं. शेवटी पिशवीतून कागद आणि पेन काढलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच शिकाडं ना भाऊ लिव्हाले. आते हाई शिकाडा."

त्यांनी एक मसुदा आणला होता. "मी लिहिलेला लेख पूर्णपणे काल्पनिक असून त्याचा कोणाशी संबंध नाही." मी वाचला आणि, काय सांगू, माझा जन्माचा रोग उफाळून आला. मी म्हणालो, अक्का, हे कोणी खरं मानणार नाही. हे नुसतं अंग झटकणं आहे. नाकारायचं तर त्यातही एक खरी वस्तू लागते.

आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी विचारलं, लाइट रात्रीची होती हे तुम्हाला कळलं कसं? त्या म्हणाल्या, बहिणीचा फोन आला होता. गेली त्याच दिवशी, सकाळी आठच्या सुमारास. बोलता बोलता म्हणाली, या आठवड्यात लाइट रातची, हे रात्रभर मळ्यात असतात.

"आणखी काय म्हणाली?" मी विचारलं. लेख सुधारताना जसं विचारतो तसंच विचारलं.

अक्का म्हणाल्या, "म्हने, अक्का, माले लई जा आठेथीन. पोरले घीसन येस. मी सांगं, अंगणवाडीमा तपासणी शे, दिवाळीले देखू."

म्हणजे, मला इथून घेऊन जा, पोरीला घेऊन येते. आणि अक्का म्हणाल्या होत्या, दिवाळीला बघू. हे त्यांनी ना लेखात लिहिलं होतं, ना भावाला सांगितलं होतं. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "हाई बी वस्तू शे का भाऊ?" मी उठून उगाचच गॅसवर चहा ठेवला.

पण चहा घेऊन परत आलो आणि आम्ही ते काम पुरं केलं. मुलगी हवी होती; दुसरं काही त्या बाईला नको होतं. त्यांनी लिहिलं की दुःखाच्या भरात माझी गफलत झाली. लाइट रात्रीची होती ती आदल्या आठवड्यात. त्या दिवशी सकाळी बहिणीनं फोन केला तेव्हा ती खुशीत होती आणि म्हणाली होती, "अक्का, आज दिवसाची लाइट आली, मोटर लावायला मळ्यात जाते, आल्यावर बोलू." हे शेवटचं वाक्य अक्कांनी स्वतः रचलं. मी त्यात फक्त 'आल्यावर बोलू' हे घालायला सुचवलं. त्यानं ते खरं वाटायला लागलं. इतकं खरं की लिहून झाल्यावर आम्ही दोघंही थोडा वेळ त्या कागदाकडं बघत बसलो. ज्या बाईला कोणी न्यायला आलं नाही, तिच्याच तोंडून आम्ही सगळ्यांची सुटका लिहून घेतली होती.

बैठक फैजपूरकडच्या त्या घरी, ओट्यावर, भर दुपारी झाली. गावातली चार जाणती माणसं, नाना, अक्का आणि मी. मेहुणे माझ्याशी अदबीनं वागले. खुर्ची दिली, चहा दिला, म्हणाले, सर, पुस्तक चांगलं काढलंत. मी त्यांचा चेहरा निरखत होतो. त्यात मला काहीच सापडलं नाही. त्या सकाळी विहिरीवर काय झालं ते मला आजही माहीत नाही. तिला कोणी ढकललं, की ती स्वतःच गेली, की खरंच पाय घसरला. अक्कांनाही माहीत नाही. त्यांना फक्त लाइट माहीत होती.

अक्कांनी कागद पुढं केला. मेहुण्यांनी तो उघडला, वरवर पाहिला आणि घरात हाक मारली. मुलगी बाहेर आली. दोन वेण्या, उंच, सडपातळ. मावशीला बघून तिचा चेहरा फुलला, पण बापाकडं बघून ती जागेवर उभी राहिली. बाप म्हणाला, "हिचा शाळेत वाचनात पहिला नंबर आहे. हीच वाचेल. हिलाही कळू दे."

अक्का ओट्याच्या फरशीकडं बघत होत्या. मुलीनं स्वच्छ, ठळक आवाजात, स्वल्पविरामाशी थांबत, पूर्णविरामाशी श्वास घेत वाचलं. मावशीची गफलत वाचली, आदला आठवडा वाचला. मग ते वाक्य आलं. "अक्का, आज दिवसाची लाइट आली," इथं ती अडखळली. पुन्हा पहिल्यापासून ते वाक्य वाचलं. या वेळी आवाज वेगळा होता, जरा हळू, बायकी. आई कशी बोलत असेल तसं ती वाचायला बघत होती. जाणत्या माणसांपैकी एकानं नाकावर उपरणं धरलं. मेहुण्यांनी कागद परत घेतला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. "झालं," म्हणाले. "दिवाळीला पाठवतो."

दिवाळीला त्यांनी मुलीला खरंच पाठवलं. शब्दाचा माणूस.

वर्ग मी बंद केला. तब्येतीचं कारण सांगितलं. शेटजींनी एकदा फोन केला आणि म्हणाले, सर, सगळ्यांचीच इच्छा चांगली होती. त्यांनी तसं म्हणायला नको होतं, असं मला वाटलं. मी अजूनही हाताला लागेल त्या छापील कागदावर पेन घेऊन बसतो, सवय. पण कोणी लिहिलेलं दाखवायला आणलं की सांगतो, चांगलं आहे, राहू द्या असंच.

भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी संध्याकाळी अक्कांचा फोन आला. आवाज दबका होता. मुलगी शेजारच्या खोलीत होती. म्हणाल्या, पोरगी आल्यापासून एकच लावून धरते. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची. आईचा आवाज, आईचं बोलणं, काही म्हणजे काही तिला आठवत नाही. त्या घरात आईचं नाव कोणी काढत नाही. तिला आईचं मिळालेलं वाक्य तेवढं एकच, त्या कागदातलं. ते तिनं पाठ केलंय. शाळेच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आता रोज विचारते, मावशी, आई फोनवर आणखी काय बोलली? माझ्याबद्दल काही बोलली का?

"काय सांगू भाऊ?" अक्का म्हणाल्या. "खरं तं सांगता येत नही."

त्या दोघी बहिणींमधलं खरं मला माहीत होतं. पोरले घीसन येस. मुलीबद्दल तिची आई एवढंच बोलली होती. मी म्हणायला हवं होतं, अक्का, मला विचारू नका. म्हणायला हवं होतं, एक दिवस सगळं सांगून टाका. पण पलीकडून कोणीतरी विचारत होतं, "मावशी, कोणाशी बोलतेस?" आणि माझ्या डोक्यात वाक्य तयार झालं होतं. झटकन, काहीही न खोडता.

मी म्हणालो, "सांगा, आई म्हणाली, पोरगी झोपलीय, ती उठायच्या आत येते."

फोन तसाच हातात धरून अक्कांनी ते मुलीला सांगितलं, शब्दाला शब्द. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "म्हणजे मी उठले तेव्हा ती आलीच नव्हती ना?" आणि मग तिच्या रडण्याचा आवाज मला धुळ्यात ऐकू आला.